पाजायचे नसताना आलेला पान्हा

बाळाला अंगावर पाजायचे नाही, हा माझ्यापुरता निर्णय प्रसूतीच्या कितीतरी आधी झालेला होता. मला संधिवात आहे. वयोमानाने गुडघे झिजून होतो तो नव्हे, तर शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो, ज्याला डॉक्टर रूमेटॉइड म्हणतात. गरोदरपणात हा आजार अनेक जणींना बरीच उसंत देतो आणि प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत पुन्हा उसळी घेतो. मला ती उसंत मिळाली खरी, पण शेवटच्या महिन्यातच बोटांचे सांधे सकाळी आखडू लागले होते. गर्भधारणेच्या आधी बंद केलेले मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचे औषध प्रसूतीनंतर लवकरात लवकर सुरू करावे लागणार होते आणि ते औषध चालू असताना बाळाला अंगावर पाजू नये, असाच सल्ला दिला जातो. स्तनपानासोबत चालणारी इतर औषधे आहेत. ती मी पूर्वी घेऊन पाहिली होती आणि त्यांनी माझा आजार आटोक्यात येत नव्हता. त्यामुळे संधिवाताच्या तज्ज्ञांशी आणि प्रसूतीतज्ज्ञांशी सविस्तर बोलून बाळाला पहिल्या दिवसापासून पावडरीचे दूध द्यायचे ठरले. या निर्णयाबद्दल येथे अधिक लिहिण्यासारखे नाही. लिहायचे आहे ते त्यानंतर शरीराने जे केले आणि ते निभावून नेताना मी जे केले, त्याबद्दल.

गरोदरपणी स्तनपानाविषयी मला भरपूर माहिती मिळाली होती: बाळाला कसे धरावे, दूध कसे वाढवावे, भेगा पडल्या तर काय लावावे. ज्या बाईला दूध नकोच आहे तिने काय करावे, हे मात्र मला स्वतःहून कोणी सांगितले नाही. मी विचारले तेव्हा प्रसूतीतज्ज्ञ म्हणाल्या, "दूध येणारच, ते थांबवता येत नाही. तुम्ही पाजणार आहात की नाही, हे शरीराला सुरुवातीला कळतच नाही." पुढे त्यांनी जे समजावले, त्याचा मला त्या संपूर्ण काळात आधार वाटला. गरोदरपणात स्तनांमध्ये दूध तयार करणारी यंत्रणा सज्ज झालेली असते, पण वारेतून येणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तिला रोखून धरते. प्रसूतीनंतर वार बाहेर पडली की ते प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरते, दूध बनवायला लावणारे प्रोलॅक्टिन मात्र चढेच असते आणि दोन ते चार दिवसांत भरपूर दूध उतरते. ही पहिली लाट संप्रेरकांच्या जोरावर येते; बाळ प्यायले काय आणि न प्यायले काय, तिला फरक पडत नाही. फरक पडतो तो नंतर. स्तनातले दूध बाहेर काढले गेले नाही, की आत साठलेल्या दुधाच्या दाबामुळे आणि त्या दुधातल्याच काही घटकांमुळे दूध बनवणाऱ्या पेशी काम मंदावतात आणि शेवटी थांबवतात. म्हणजे दूध आटवण्याचे काम शेवटी त्या साठलेल्या दुधाकडूनच करून घ्यायचे असते आणि दुखते तेही त्याच्यामुळेच. हे एकदा नीट ध्यानात आले, की पुढच्या सगळ्या सूचनांचा अर्थ आपोआप लागत जातो.

गोळी देऊन दूध येण्याआधीच थांबवता येते, हे मी ऐकून होते, म्हणून तेही विचारले. कॅबरगोलीन नावाचे औषध त्यासाठी वापरले जाते. प्रसूतीनंतरच्या पहिल्या दिवसात 1 मिलिग्रॅमचा एकच डोस दिला, तर बहुतेक जणींना दूध भरण्याचा त्रास होतच नाही किंवा अगदी कमी होतो. माझ्या बाबतीत ते दार बंद होते, कारण गरोदरपणाच्या अखेरीस माझा रक्तदाब वाढला होता आणि गरोदरपणातील किंवा प्रसूतीनंतरचा उच्च रक्तदाब असलेल्या स्त्रियांना हे औषध देत नाहीत. हृदयाच्या झडपांचे काही विकार असतील किंवा पूर्वी गंभीर मानसिक आजार होऊन गेला असेल, तरीही ते टाळतात. याच जातीचे ब्रोमोक्रिप्टीन एके काळी या कामासाठी सर्रास दिले जाई. ते घेतलेल्या काही स्त्रियांना आकडीचे झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराचा त्रास झाल्याच्या नोंदी पुढे आल्यावर अमेरिकेत 1994 मध्ये उत्पादकाने दूध थांबवण्यासाठीचा त्याचा वापर बंद केला. त्याही आधी इस्ट्रोजेन देत असत आणि त्याने रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका वाढत असे. हा इतिहास ऐकल्यावर, आपल्याला गोळी मिळणार नाही याचे वाईट वाटणे बरेच कमी झाले. ज्यांना रक्तदाबाचा वगैरे अडथळा नाही, त्यांनी मात्र प्रसूतीच्या आधीच हा विषय काढावा असे मला आवर्जून वाटते, कारण त्या गोळीचा खरा उपयोग पहिल्याच दिवसात असतो आणि त्या धामधुमीत कोणाला काही आठवत नाही.

तयारी फारशी करायची नव्हती. हुक पुढे असलेल्या, तारा नसलेल्या, रुंद पट्ट्यांच्या सुती ब्रा घेतल्या. हुक पुढे हवेत ही माझ्या बोटांची अट होती. माप नेहमीपेक्षा मोठे घेतले, कारण आधार मिळावा पण कुठेही काचू नये, असे सांगितले होते. गोठवून वापरायच्या जेलच्या पिशव्या, पातळ सुती कापडाचे तुकडे आणि गळणारे दूध टिपायला धुऊन पुन्हा वापरता येतील अशा गोल घड्या, एवढेच.

रुग्णालयात असेपर्यंत काहीच झाले नाही. स्तन मऊ होते, दाबले तर चिकाचा एखादा पिवळसर थेंब येई आणि मला उगाचच वाटू लागले होते की आपण या फेऱ्यातून सुटलो. घरी आल्यानंतर एका पहाटे कुशीवर वळताना जाग आली ती दुखण्याने. दोन्ही बाजू काखेपर्यंत भरून आल्या होत्या. काखेतसुद्धा लिंबाएवढा उंचवटा हाताला लागला आणि मी घाबरले. स्तनाच्या ऊतीचा एक भाग काखेपर्यंत पसरलेला असतो आणि तोही या काळात फुगतो, हे नंतर परिचारिकेकडून फोनवर कळले. त्वचा ताणून चकाकत होती, खाली निळसर शिरा स्पष्ट दिसत होत्या आणि हात खाली सोडला तरी तो छातीला घासून दुखत होता. त्या परिचारिकेने मला एक सोपी खूण सांगितली, जी मी पुढे रोज वापरली: बोटाने आधी आपला ओठ दाबून पाहावा, मग नाकाचा शेंडा, मग कपाळ, आणि नंतर स्तन दाबून तो या तिघांपैकी कशासारखा लागतो ते ठरवावे. ओठासारखा असेल तर मऊ, नाकासारखा असेल तर भरलेला, कपाळासारखा असेल तर दाटलेला. माझे त्या सकाळी कपाळ होते.

हा फुगवटा केवळ दुधाचा नसतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण "काढून टाक, मोकळे वाटेल" हा सल्ला त्या न्यायाने फसतो. दूध उतरताना स्तनांकडे जाणारे रक्त पुष्कळ वाढते आणि पेशींच्या भोवतीच्या जागेत द्रव साठून सूज येते. दुधाने फुगलेल्या भागाचा दाब शिरांवर आणि लसिकावाहिन्यांवर पडला की हा द्रव परत वाहून जाणेही मंदावते. प्रसूतीच्या वेळी सलाइन बरेच चढवले गेले असेल, तर ही सूज आणखी वाढू शकते. सुजेचा हा भाग पिळून निघत नाही. त्याला थंडावा, आधार आणि वेळ, एवढेच लागू पडते.

घरात माझ्याभोवती अनुभवी बायका होत्या आणि प्रत्येकीजवळ उपाय होता. सासूबाईंनी मऊ धोतराच्या कापडाचा रुंद पट्टा काढून ठेवला होता. छाती घट्ट आवळून बांधली की दूध आटते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. मी त्यांना म्हटले, "आई, डॉक्टरांनी आवळून बांधू नका म्हणून बजावले आहे," तेव्हा त्यांना ते पटले नाही, पण त्यांनी आग्रहही धरला नाही. आवळलेल्या पट्ट्याने दुधाच्या काही नळ्या दबल्या, तर तेथे दूध अडून गाठ आणि दाह होण्याची भीती असते. शिवाय पट्टा बांधणाऱ्या आणि आधार देणारी ब्रा घालणाऱ्या स्त्रियांची तुलना करणाऱ्या एका छोट्या अभ्यासात पट्टा बांधणाऱ्यांनाच अधिक दुखले आणि दूधही अधिक गळले, असे आढळले होते. माझी आई पाणी कमी पिण्याच्या बाजूची होती. पाणी तोडल्याने दूध तुटत नाही. बाळंतिणीचा घसा मात्र कोरडा पडतो आणि बद्धकोष्ठ वाढते. मी तहान लागेल तसे पाणी पीत राहिले. तिसरा सल्ला गरम शेकाचा होता आणि तो टाळणे सर्वांत जड गेले, कारण गरम पाणी पाठीवरून ओघळून छातीशी आले की क्षणभर खरोखर बरे वाटते. परंतु उष्णतेने रक्तप्रवाह वाढतो, दूध वाहू लागते आणि वाहिलेल्या दुधाच्या जागी नवे तयार होते. म्हणून अंघोळ करताना पाण्याकडे पाठ करून उभे राहायचे, छातीवर थेट धार येऊ द्यायची नाही आणि टॉवेलने चोळायचे नाही, फक्त टिपायचे, हे मी पाळले.

थंड पट्ट्यांचा उपयोग मला जवळपास लगेच जाणवला. जेलची पिशवी पातळ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवायची, मग काढून किमान तासभर त्वचेला विश्रांती द्यायची आणि गरज वाटेल तेव्हा पुन्हा ठेवायची. पिशवी थेट त्वचेवर ठेवू नये, कारण गारठ्याने त्वचा बधिर होते आणि इजा झाली तरी चटकन कळत नाही. बाजूंना आणि काखेकडे ठेवलेल्या पिशव्यांनी मला जास्त आराम मिळाला. स्तनाग्रांवर गार स्पर्श नकोसा होई.

कोबीच्या पानांबद्दल मी साशंक होते आणि काही अंशी अजूनही आहे. बाहेरची पाने स्वच्छ धुऊन फ्रिजमध्ये गार करायची, मधला जाड दांडा काढून टाकायचा, पान लाटण्याने हलकेच दाबून मऊ करायचे आणि स्तनाग्र मोकळे ठेवून ब्रामध्ये बसवायचे. दोन-एक तासांत ते कोमेजले की बदलायचे. या पानांनी वेदना कमी होत असावी असे काही अभ्यास सुचवतात, पण पुरावा भक्कम म्हणता येत नाही. पानात काही गुण आहे की केवळ त्याचा गारवा आणि स्तनाच्या गोलाईला बसणारा आकार कामी येतो, हे मला सांगता येणार नाही. मला रात्री त्यांचा उपयोग झाला, कारण जेलची पिशवी झोपेत घसरते आणि पान जागेवर राहते. त्याचा वास मात्र कपड्यांना आणि गादीला चिकटतो आणि कोमट झालेल्या कोबीच्या वासात झोपणे हे ज्याचे त्यालाच ठाऊक. त्वचेला भेगा असतील किंवा खाज सुटली, तर पाने लावू नयेत.

वेदनाशामक गोळ्यांविषयी मी आधीच विचारून ठेवले होते, ते बरे झाले. सूज आणि वेदना दोन्हींवर काम करणारी आयब्युप्रोफेन या त्रासात अधिक उपयोगी पडते, पण माझा रक्तदाब वाढलेला असल्याने पहिल्यांदा केवळ पॅरासिटामॉल घ्यायला सांगितले गेले: प्रौढ व्यक्तीने दिवसभरात मिळून 4 ग्रॅमच्या वर जायचे नाही आणि सर्दी-तापाच्या ज्या मिश्र गोळ्यांत तेच औषध असते त्याही हिशोबात धरायच्या. रक्तदाब खाली आला आणि मूत्रपिंडाची तपासणी ठीक आली, तेव्हा काही पोटात असताना आयब्युप्रोफेन घेण्याची परवानगी मिळाली आणि फरक स्पष्ट जाणवला. दुखणे असह्य होईपर्यंत थांबून मग गोळी घेण्यापेक्षा त्या ऐन दिवसांत ठरलेल्या अंतराने घेत राहणे सोयीचे गेले. दूध आटवण्यासाठी जीवनसत्त्व ब-6 च्या मोठ्या मात्रा किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेण्याचेही सल्ले आले. डॉक्टरांनी दोन्हींना स्पष्ट नकार दिला.

आता त्या भागाकडे येते, जो मला सर्वांत अवघड गेला आणि ज्याविषयी सर्वांत परस्परविरोधी गोष्टी ऐकायला मिळतात: दूध थोडेही काढावे की काढूच नये? एक मत असे, की थेंबही काढू नये, नाही तर दूध वाढेल. दुसरे मत, जे माझ्या आईचे होते, असे की एकदा पंपाने पूर्ण रिकामे करून टाकावे म्हणजे सुटका होईल. पूर्ण रिकामे करणे म्हणजे शरीराला मागणी नोंदवणे; काही तासांत पुन्हा तेवढेच भरून येते. पण अजिबात न काढण्याचा हट्टही धोक्याचा ठरू शकतो, कारण दाब फारच वाढला तर दाह होण्याची शक्यता असते. डॉक्टरांनी सांगितलेला मार्ग यांच्या मधला होता: सहन होत असेल तोवर हात लावायचा नाही, सहन होईनासे झाले, तर दुखणे सुसह्य होण्यापुरतेच हाताने काढायचे आणि ओघ चांगला लागला आहे असे वाटू लागताच थांबायचे. पंप वापरायचा नाही, कारण तो कुठे थांबायचे हे आपल्याला समजू देत नाही.

प्रत्यक्षात ते असे घडे. स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग इतका ताणलेला असे, की बोटांच्या पकडीत यायचाच नाही आणि नुसते दाबून काहीच निघत नसे. त्यावर त्या परिचारिकेने एक युक्ती सांगितली होती. दोन्ही हातांची बोटे स्तनाग्राच्या अगदी लगत, दोन्ही बाजूंना ठेवायची आणि छातीच्या दिशेने, आत, संथपणे दाब देऊन मिनिटभर तसेच राहायचे. मग बोटांची जागा फिरवून पुन्हा तेच. या दाबाने त्या भागातली सूज तात्पुरती मागे सरकते, तेथे बोटांचे खळगे उमटलेले दिसतात आणि भाग मऊ पडतो. त्यानंतर अंगठा वर आणि बाकीची बोटे खाली, स्तनाग्रापासून थोडे मागे, इंग्रजी सी या अक्षराच्या आकारात ठेवून आधी छातीकडे ढकलायचे, मग बोटे एकमेकांकडे दाबायची आणि सोडायची. त्वचेवरून बोटे ओढायची नाहीत, चोळायची तर मुळीच नाहीत. सुजलेल्या स्तनाला जोराने मालिश करून गाठी फोडण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. आतल्या नाजूक ऊतींना त्याने इजा होते आणि सूज उलट वाढते. माझ्या आखडलेल्या बोटांना हा व्यायाम भारीच होता आणि काही वेळा अंगठ्याच्या मुळाशी उठणाऱ्या कळेमुळेच मी थांबले, जे एका परीने इष्टच होते. निघे ते वाटीच्या तळाशी जेमतेम पसरेल इतके. पण तेवढ्याने कपाळाचे नाक होई आणि झोप लागे.

दुसरी गोष्ट, जी आधी कोणी सांगितली असती तर बरे झाले असते, ती पान्ह्याची. बाळ रडले की स्तनांत मुंग्या आल्यासारखे होई, काहीतरी आत आवळे आणि दोन्ही बाजूंनी दूध झिरपू लागे. बाळाच्या रडण्याने, त्याच्या वासाने, कधी नुसत्या आठवणीनेही ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवते आणि साठलेले दूध पुढे ढकलले जाते. त्यावर आपला काही इलाज चालत नाही. त्या ऐन भरातल्या दिवसांत रात्रीच्या बाटल्या नवऱ्याने पाजल्या आणि मी दुसऱ्या खोलीत झोपले. दिवसा बाळाला घेताना मी छातीवर घडी केलेले जाडसर कापड ठेवत असे आणि त्याला खांद्याकडे अधिक वर धरत असे, म्हणजे त्याच्या तोंडाचा आणि गालाचा घासरा स्तनाग्रांना लागत नसे. बाळ तोंड फिरवून शोधते, ते पाहणे सोपे नसते. मी त्याला दूर ठेवले नाही, हे नमूद करायला हवे. दुखणे उतरू लागताच उघड्या छातीशी धरण्याऐवजी अंगात मऊ कपडा असताना त्याला भरपूर जवळ घेतले आणि त्याने दूध आटण्यात काही अडथळा आला नाही.

झोपताना पाठीवर, खांद्यांखाली उशी घेऊन थोडे उठते राहिले की बरे वाटे. पालथे झोपणे अशक्यच होते. ब्रा रात्रीही काढायची नाही असे सांगितले होते. ओल्या घड्या मात्र लगेच बदलत असे, कारण ओलसरपणाने स्तनाग्रांची त्वचा सोलवटते.

तापावर लक्ष ठेवणे हा या काळातला सर्वांत गंभीर भाग होता. दूध दाटताना अंग थोडे कोमट होणे, कसकस वाटणे हे घडू शकते आणि ते थोडक्यात ओसरते. परंतु ताप 38 अंश सेल्सियसच्या वर जाऊन टिकला, थंडी वाजून आली, किंवा स्तनाच्या एखाद्याच भागात लाल, गरम, त्रिकोणी पाचरीसारखा पट्टा दिसला आणि तेथे स्पर्शही सोसेना, तर तो स्तनदाह असण्याची शक्यता असते आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे लागते. वेळेवर उपचार झाले नाहीत तर तेथे पू होतो. शिवाय नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीचा ताप दर वेळी दुधाचाच असतो असे नाही. गर्भाशयातला संसर्ग, टाक्यांचा संसर्ग, लघवीचा संसर्ग, पायातली गुठळी, असे बरेच काही त्यामागे असू शकते आणि "दूध दाटले असेल" म्हणून त्याकडे दुर्लक्ष होण्याचा धोका खरा आहे. त्यात पॅरासिटामॉल चालू असले की ताप झाकला जातो. म्हणून गोळीची वेळ होण्याच्या आधी ताप मोजायचा आणि आरशासमोर उभे राहून दोन्ही बाजू नीट पाहायच्या, खालचा भाग हाताने उचलूनसुद्धा, असा नेम मी ठेवला. एकदा तांबूस छटा वाटली. ती दोन्हीकडे सारखी होती, ताप नव्हता, थंड पट्टीने उतरली आणि परिचारिकेने सांगितले की दोन्ही बाजूंना सारखा पसरलेला लालसरपणा ताणाचा असतो, एकाच जागी धरून बसलेला असेल तर फोन करा.

उतार आला तो एकदम नव्हे. ऐन भराचे दुखणे थोड्या दिवसांत ओसरले. नंतर स्तन भरलेले असत पण त्यांत ठणका नसे. मग दिवसातून एखाद्या वेळी, बहुधा पहाटे, जडपणा जाणवे. याच सुमारास हाताने काढलेला द्रव बदललेला दिसला: आधीचे पातळ, निळसर पांढरे दूध जाऊन दाट, पिवळट थेंब येऊ लागले. दूध बनवणे थांबू लागले की पेशींमधले सांधे सैल होतात, रक्तातले सोडियम आणि क्लोराइड दुधात उतरते आणि दुधाची चव खारट होते. मी ती चाखून पाहिली, खारटच होती. एखादे अवजड काम मार्गी लागल्याचा आनंद मला त्या चवीने दिला. त्यानंतर हाताने काढणे मी पूर्ण बंद केले. आटले की नाही हे बघण्यासाठी अधूनमधून दाबून पाहण्याचा मोह होतो. तसे दाबणेही उत्तेजनच असते. अधूनमधून कपड्यावर डाग पडणे पुढे कित्येक आठवडे चालू राहिले आणि ते स्वाभाविक असल्याचे सांगितले गेले.

या सगळ्यात विसरली जाणारी एक बाब गर्भनिरोधनाची आहे. अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला पाळी उशिरा येते म्हणून सगळ्याच बाळंतिणींना तीच मुदत आहे असे गृहीत धरले जाते. न पाजणाऱ्या स्त्रीत प्रोलॅक्टिन लवकर खाली येते आणि प्रसूतीनंतर महिन्याच्या आतही बीज सुटू शकते, म्हणजे पाळी येण्याच्या आधीच गर्भ राहू शकतो. म्हणून प्रसूतीनंतर 21 दिवसांपासून गर्भनिरोधनाची आवश्यकता धरतात. मेथोट्रेक्सेटवर असताना गर्भ राहणे घातक, त्यामुळे माझ्यासाठी हा प्रश्न ऐच्छिक नव्हता, आणि इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या रक्तदाबामुळे आणि प्रसूतीनंतरच्या काळातील गुठळ्यांच्या भीतीने चालणार नव्हत्या. ही सगळी चर्चा मी दुखण्यातून बाहेर पडल्यावर, शांतपणे बसून केली.

दूध आटल्यावर डाव्या बाजूला, वरच्या भागात, एक गुळगुळीत, हलणारी गाठ मागे राहिली. दुखत नव्हती, त्वचा तांबडी नव्हती, ताप नव्हता. बाळंतपणानंतर स्तनांत गाठी लागतातच म्हणून ती सोडून द्यावी असे घरात बोलले गेले, पण आठवड्यांमागून आठवडे गेले तरी ती विरेना, म्हणून मी दाखवून आले. सोनोग्राफीत ती दुधाने भरलेली पिशवी निघाली. पाजणे थांबवले किंवा टाळले की एखादी नळी बंद होऊन अशी पिशवी तयार होऊ शकते. डॉक्टरांनी सुईने काढण्याची गरज नाही, वाढली किंवा दुखू लागली तर लगेच या, एरवी काही आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करू, असे सांगितले. मेथोट्रेक्सेट तोवर सुरू झाले होते आणि बोटे बऱ्यापैकी वळू लागली होती. पुढच्या सोनोग्राफीत गाठ आकाराने निम्म्याहून कमी झालेली दिसली आणि त्यापुढची तपासणी डॉक्टरांनी मला वाटल्यास करायची म्हणून माझ्यावर सोपवली.